ऑपरेशनची तारीख पुढे गेली, आता? साथीच्या काळात रुग्णाचं मन सावरण्याची पद्धत

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि सोलापुरातही ठरलेली ऑपरेशनं एकामागून एक थांबली. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, पित्ताशयातले खडे, गर्भाशयातल्या गाठी. आज नाही केलं तर माणूस रात्र काढणार नाही, अशी ही दुखणी नव्हती, म्हणून ती मागे पडली. खाटा, ऑक्सिजन, भूलतज्ज्ञ कोविडकडे वळवणं भागच होतं. कोविडसर्ज या जगभरातल्या शल्यचिकित्सकांच्या गटाने तेव्हा अंदाज बांधला होता: साथीच्या ऐन भरातल्या १२ आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील. साथ ओसरल्यावर रुग्णालयांनी नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केलं, तरी हा साठा उपसायला ४५ आठवडे लागतील, असंही त्या हिशेबात निघालं. साथ गेली तरी रांग उरते, ती अशी.

या रांगेतल्या माणसाच्या मनाकडे कुणी पाहायचं, हे मात्र कुठेच ठरलेलं नसतं. सर्जन आजार पाहतात, घरचे पैसे पाहतात, आणि रुग्ण रात्रभर छताकडे पाहत पडतो. पुढची साथ येईल तेव्हा, किंवा इतर कुठल्या कारणाने आजच तारीख लांबली असेल तर, घरात बसून काय करता येतं ते इथे क्रमाने दिलं आहे.

मन नेमकं कुठे अडकतं

तारीख मिळाली की घर कामाला लागतं. सोलापुरातल्या दत्तनगर किंवा विडी घरकुलातल्या एखाद्या घरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं. सुनेने महिनाभर जास्त विड्या वळायच्या असं ठरतं, लेकीला माहेरी बोलावलं जातं, रक्त देणारे दोघे शोधून ठेवले जातात, कुणाकडून तरी उसने पैसे येतात. बाई स्वतः मनाशी बोलून भीतीला वाट करून देते आणि एकदाची तयार होते. मग आदल्या दिवशी फोन येतो: 'आत्ता होणार नाही, कळवतो.'

त्या एका 'कळवतो'ने मन टांगणीला लागतं. दुखणं कालइतकंच असतं, पण काल त्याला शेवट दिसत होता. माणूस ठरावीक मुदतीचा त्रास दात-ओठ खाऊन काढतो. मुदत काढून घेतली की तोच त्रास सोसवत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं, नाही वाजला तरी होतं.

त्यात साथीची स्वतःची भर पडते. पहिली, दवाखान्यात गेलो तर संसर्ग होईल ही भीती. ऑपरेशन हवंही असतं आणि नकोही असतं, आणि ही ओढाताण माणूस कुणाला सांगत नाही. दुसरी भर अपराधीपणाची: 'लोक पटापट मरतायत आणि मी गुडघ्याचं काय घेऊन बसले.' या वाक्यामुळे बायका वेदना सांगायच्याच थांबतात. बरं वाटायला लागलं असेल म्हणून गप्प आहेत, असा घरच्यांचा समज होतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. तिसरी भर कमाईची. विडी वळायला मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसावं लागतं. गुडघा वाकत नाही म्हटल्यावर विड्या कमी होतात, आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते. यंत्रमागावर उभं राहणाऱ्या हर्नियाच्या रुग्णाचंही तेच. 'मी घराला ओझं झालोय' हा विचार इथून सुरू होतो, आणि तोच सगळ्यात घातक आहे.

म्हणून या लेखातला मुख्य सल्ला एकच आहे, बाकीचे त्याच्याभोवतीचे. ऑपरेशनची तारीख मागून मिळणार नसेल, तर पुढच्या बोलण्याची तारीख मागा. ती मिळू शकते, आणि मनाला टेकायला तेवढी पुरते.

पहिले ४८ तास

रद्द झाल्याचा फोन आला की रागाच्या किंवा रडण्याच्या भरात फोन ठेवला जातो आणि कामाचं काहीच विचारलं जात नाही. तसं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ओपीडीची गर्दी उसळण्याआधी, घरातल्या एकानेच फोन करावा. चौघांनी चार वेळा केला तर चार उत्तरं मिळतात आणि घरात त्यावरून वाद होतात. बोलणं साधारण असं असावं:

'नमस्कार, मी अमुक रुग्णाचा मुलगा बोलतोय, केस पेपरचा नंबर हा. ऑपरेशन कधी होईल ते आज सांगता येणार नाही हे कळतंय. पुढचा फोन मी कुठल्या दिवशी करू आणि कुणाला मागू, तेवढं सांगा. आणि मध्ये काय झालं तर थेट घेऊन यायचं, तेही सांगा.'

समोरचा माणूसही दिवसभर शिव्या खाऊन थकलेला असतो. उत्तर देता येईल असा प्रश्न आला की तो उत्तर देतो. त्याच फोनवर आणखी विचारायचं ते असं: यादीत आमचं नाव निकडीच्या कुठल्या गटात धरलं आहे? ऑपरेशन होईपर्यंत दुसरा काही उपचार चालू ठेवता येतो का? रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, फिजिशियनचं फिटनेस किती दिवस चालेल, आणि काय परत करावं लागेल?

यानंतरची गोष्ट मनाची नाही, पण ती चुकली तर जिवावर बेतते. ऑपरेशनसाठी बंद केलेल्या गोळ्या परत सुरू करायच्या राहून जातात. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी ऑपरेशनच्या ५ ते ७ दिवस आधी बऱ्याचदा थांबवतात. मधुमेहाच्या काही गोळ्याही आधीपासून बंद ठेवायला सांगतात. तारीख रद्द होते, 'गोळी परत घ्या' असं कुणी सांगत नाही, आणि रुग्ण महिनाभर गोळीविना राहतो. हृदयात स्टेंट असलेल्याला हे फार महागात पडू शकतं. त्यामुळे रद्द झाल्याच्या दिवशीच विचारा: 'बंद केलेली कुठली गोळी आजपासून परत चालू करायची?' उत्तर कागदावर लिहून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल, तर त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटून मिळालेली मंजुरी अजून चालते का, की पुन्हा पाठवावी लागेल, ते विचारा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. पैशाची धाकधूक रुग्णाच्या डोक्यातून जितकी लवकर काढाल तितकं बरं. अप्रूव्हलचं काय झालं ते रुग्णाला आपण होऊन सांगा, त्याने विचारायची वाट पाहू नका.

शेवटचं काम म्हणजे फाइल. सोनोग्राफी, एक्स-रे, जुने केस पेपर सगळं एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो. रात्री अपरात्री पळावं लागलं तर कागद शोधताना जी तारांबळ उडते, तिने रुग्ण जास्त घाबरतो.

आठवड्याला एका पानाची वही

शंभर पानी वही पुरते. आठवड्याला एक पान, पानावर सात ओळी, रोज संध्याकाळी एक ओळ. ओळीत पाच गोष्टी: दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप किती तास, चालणं किती मिनिटं, आज केलेलं एक काम, आणि मन एका शब्दात. 'बरं', 'जड', 'चिडचिड', काहीही चालेल. पानाच्या डोक्यावर पुढच्या फोनची तारीख मोठ्या अक्षरात लिहायची.

नमुन्याची एक ओळ अशी: 'मंगळवार: दुखणं ६, झोप ४ तास, चाललो १० मिनिटं, शेंगा फोडल्या, मन जड.'

लिहायला दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. सतत लिहीत बसलं की दुखण्यावरच लक्ष खिळतं आणि ते वाढल्यासारखं वाटतं. लिहिता येत नसेल तर नातवाने विचारून लिहावं. त्या निमित्ताने रोज एकदा तरी कुणी 'आजी, आज किती दुखलं?' असं विचारतं, आणि त्या विचारण्याचाच अर्धा उपयोग आहे. तीन-चार आठवड्यांची पानं एकत्र पाहिली की कुणाच्याही लक्षात येतं: दुखणं तेवढंच आहे पण झोप सहावरून तीन तासांवर आली, किंवा कामाचा रकाना कोरा पडत चालला. डॉक्टरांना 'लई त्रास होतोय ओ' सांगण्यापेक्षा ही पानं दाखवली तर निकडीचा गट बदलण्याचा विचार होऊ शकतो.

दर पंधरा दिवसांनी चार प्रश्न

मनाची अवस्था मोजायला पीएचक्यू-४ नावाची छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ऑपरेशनच्या रुग्णाला ती विशेष जमते. कारण नैराश्याच्या मोठ्या प्रश्नावल्यांत भूक, झोप, थकवा यांवर प्रश्न असतात, आणि पित्ताशयात खडे असलेल्याची किंवा कॅन्सरच्या रुग्णाची भूक-झोप आजारानेच गेलेली असते. या चार प्रश्नांत ती गल्लत होत नाही. साध्या बोलीत ते असे:

गेल्या दोन आठवड्यांत,
१. जीव घाबरा, अस्वस्थ, ताणलेला असं किती वेळा वाटलं?
२. काळजी थांबवता येत नाही, आवरत नाही, असं किती वेळा झालं?
३. काही करण्यात गोडी वाटत नाही, मन लागत नाही, असं किती वेळा झालं?
४. उदास, खचल्यासारखं, आता काही खरं नाही असं किती वेळा वाटलं?

अजिबात नाही: ०. काही दिवस: १. निम्म्याहून जास्त दिवस: २. जवळजवळ रोज: ३. बेरीज ० ते २ असेल तर काळजीचं काही नाही. ३ ते ५ म्हणजे सौम्य त्रास, त्याला पुढचे घरगुती उपाय बहुधा पुरतात. ६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोला, ९ किंवा जास्त आली तर त्याच आठवड्यात बोला. पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज ३ किंवा जास्त आली तर चिंता, आणि शेवटच्या दोनांची आली तर नैराश्य तपासून घ्यायला हवं. ही चाचणी रोगनिदान करत नाही, दार कधी ठोठवायचं तेवढं सांगते. आणि ती चारचौघांत विचारू नका. सुनेसमोर सासू आणि पोरासमोर बाप 'काय न्हाई, बरंय' असंच म्हणणार.

वयस्कर माणसांत उदासी पुष्कळदा डोळ्यांतून येत नाही, अंगातून येते. 'डोकं जड, पोटात गोळा, अंगाची आग' अशा तक्रारी वाढतात, आवडीची शेंगाचटणीही ताटात तशीच राहते, शेजारी कट्ट्यावर बसायला जाणं बंद होतं. हे दिसलं तर चार प्रश्नांची वाट पाहू नका.

रात्र

दुखणं झोप मोडतं, मोडलेली झोप दुसऱ्या दिवशी दुखणं वाढवते, आणि दोन्ही मिळून मन खचवतात. हे चाक थांबवायचं तर पहिला हात रात्रीला घालावा लागतो.

उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी सहा म्हणजे सहा. दुपारची डुलकी जास्तीत जास्त अर्धा तास, तीही तीनच्या आत. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळत असाल तर उठून दुसऱ्या जागी बसा, डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा अशी सवय लागू द्यायची नाही.

आपल्याकडे यात दोन अडचणी खास सोलापूरच्या आहेत. एक पाणी. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी अवेळी आलं की घर जागं होतं, आणि रुग्ण 'मी उठून भरू शकत नाही' या विचाराने उरलेली रात्र घालवतो. पाण्याच्या दिवशी रुग्णाचं अंथरूण नळापासून लांबच्या खोलीत टाका, आणि त्याला बसून करता येईल असं एखादं काम द्या, घागरी मोजणं का असेना. दुसरी अडचण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या घरात रात्री बारापर्यंत धग असते. संध्याकाळी जमिनीवर पाणी मारणं, खिडकीला ओला पडदा, झोपण्यापूर्वी अंघोळ हे सगळं करा. गुडघ्याच्या किंवा मोतीबिंदूच्या रुग्णाला गच्चीवर झोपवत असाल तर रात्री एकट्याने जिना उतरू देऊ नका. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी या दिवसांत पाणी कमी पडू देऊ नये आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दोन्हीमुळे लिथियमची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते.

काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, खुर्चीत बसून, कागद घेऊन. मनात येईल ते लिहायचं आणि प्रत्येकासमोर 'हातात आहे' किंवा 'हातात नाही' एवढं मांडायचं. हातात असेल त्याचं पुढचं पाऊल लिहायचं. रात्री काळजी आली की 'उद्या साडेपाचला' म्हणून पुढे ढकलायची. पहिले सात-आठ दिवस हे निरर्थक वाटतं, नंतर मन ऐकायला लागतं.

धडधड वाढली तर श्वास: चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर, पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांब असणं महत्त्वाचं. जोराने खोल श्वास ओढत राहिलं तर चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो.

गोळ्यांचं स्पष्ट सांगायला हवं. मेडिकलमधून ओळखीने आणलेली झोपेची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते, वयस्कर माणूस रात्री तोल जाऊन पडतो, आणि भूल देताना ही माहिती लपली तर गुंतागुंत होते. घेत असाल तर अचानक बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा. वेदनेसाठी पॅरासिटामॉलची मर्यादा धडधाकट प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त सहा गोळ्या. वयस्कर, कमी वजनाच्या, यकृताचा त्रास असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहून कमी असते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आठवडेच्या आठवडे चालू ठेवल्याने पोटात व्रण होतात, किडनीला मार बसतो, आणि मग तारीख आली तरी फिटनेस मिळत नाही.

वाट पाहण्याचं रूपांतर तयारीत

रिकामं थांबणं मनाला खातं. त्याच दिवसांना 'ऑपरेशनची तयारी' हे नाव दिलं आणि खरोखर तयारी केली तर मन सावरतं, आणि ऑपरेशननंतरची सुधारणाही सोपी जाते.

गुडघ्याच्या रुग्णाने पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. विड्या वळायच्याच असतील तर मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची आणि समोर ठोकळ्यावर सूप, आणि दर अर्ध्या तासाने उठणं. पोट किंवा छातीचं ऑपरेशन असेल तर फुंकर-श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं साधन (स्पायरोमीटर) आणून डॉक्टरांना विचारून वापरा. चालणं आज जमतं तिथून सुरू करा, पाच मिनिटं असली तरी. हर्नियावाल्याने कळशी उचलू नये, कुंथू नये, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.

तंबाखू, बिडी, मिश्री ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सुटली तर फायदा दिसतो. जखम भरायला आणि फुप्फुसाला तोच काळ लागतो. पुढे गेलेल्या तारखेचा एवढा एक उपयोग नक्की करून घेता येतो. १८००-११२-३५६ या मोफत नंबरवर सोडायला मदत मिळते. सोडल्यावर पहिले दोन आठवडे चिडचिड आणि झोपमोड वाढते, ती नैराश्याची समजू नका.

ऑपरेशनआधी प्रथिनं किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच आहे, पण नुसत्या तेवढ्याने हा आकडा गाठत नाही. किडनीच्या रुग्णांनी विचारून खावं.

कुठल्या लक्षणाला पळायचं

'आतल्या आत काहीतरी वाढत असेल' ही भीती सगळ्यांत मोठी. ती 'काही होत नाही' म्हटल्याने जात नाही. नेमकं काय झालं तर थांबायचं नाही, हे माहीत असलं की उरलेला वेळ निवांत जातो. ही यादी भिंतीवर लावा.

हर्नियाचा फुगा कडक झाला, आत जाईना, दुखतोय आणि उलट्या होतायत: लगेच. पित्ताशयाचं दुखणं तासन्‌तास थांबेना, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे: लगेच. बायपासची वाट पाहणाऱ्याला बसल्या जागी छातीत दुखलं: १०८. गर्भाशयातल्या गाठीमुळे तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, धाप लागतेय: त्याच दिवशी. मोतीबिंदूच्या डोळ्यात अचानक लाली, ठणका, दिव्याभोवती रंगीत वलय: त्याच दिवशी, कारण डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. साथ असो, टाळेबंदी असो, याला कुणी 'नंतर या' म्हणू शकत नाही.

कॅन्सरचं गणित वेगळं आहे आणि ते मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. २०२० च्या शेवटी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूची जोखीम ६ ते ८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाने नुसतं थांबू नये. 'ऑपरेशन होईपर्यंत हार्मोनची गोळी किंवा केमो आधी देता येईल का?' हे विचारा. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये साथीत असं केलं गेलं. एका ठिकाणी ऑपरेशन थिएटर बंद असेल तर दुसरीकडे दाखवा. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. २०२० मध्ये जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, त्या काळात ही गोष्ट फार मोलाची होती.

घरच्यांनी काय बोलावं

'धीर धर', 'तुझ्यापेक्षा वाईट हाल आहेत लोकांचे', 'देव करतो ते बऱ्यासाठी' ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात, पण त्यांनी समोरच्याचं तोंड बंद होतं. त्याऐवजी नेमकं विचारा. 'अप्पा, काल रात्री किती वाजता जाग आली?' 'आई, आज कशाची जास्त भीती वाटली?' मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. उपाय सुचवायची घाई नको.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या पुष्कळ घरांत बाजारात मराठी आणि चुलीपाशी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मनातलं दुखणं माणूस चुलीपाशीच्या भाषेत सांगतो. डॉक्टरांकडे जाताना ती भाषा येणारं माणूस बरोबर न्या, पण दोन मिनिटं रुग्णाला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या.

कामातून पूर्ण काढून टाकू नका. भाजी निवडणं, हिशेब लिहिणं, नातवाचा अभ्यास घेणं यांतलं काहीतरी त्याच्याच नावावर राहू द्या. आणि टीव्हीवरचे मृतांचे आकडे दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले 'ऑपरेशनला गेला आणि कोरोना होऊन गेला' असे निरोप रुग्णापर्यंत पोहोचू देऊ नका.

'मी गेलो तर सुटाल सगळे' असं कुणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या, फवारणीचं औषध, दोर हाताबाहेर ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मदत कुठे

टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत. २०२० मध्ये ती नव्हती. आता आहे, म्हणून नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. फोनवर 'ऑपरेशन लांबलंय, त्यामुळे झोप लागत नाही' एवढं सांगून सुरुवात केली तरी चालतं.

प्रत्यक्ष दाखवायचं तर सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. जाताना वहीची पानं आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ऑपरेशनची तारीख आली म्हणून त्या स्वतःहून बंद करणं ही दुसरी. भूलतज्ज्ञांना सांगा, चालू ठेवायच्या की नाही ते ठरवतील.

रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी एवढंच: यादीतल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांतून एकदा एक फोन, ठरलेल्या वारी, शक्यतो त्याच माणसाचा. 'अजून तारीख नाही, तुमचं नाव यादीत आहे, दुखणं वाढलंय का, पुढचा फोन अमुक वारी.' दोन मिनिटं लागतात. परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक हे काम करू शकतात. फोन करणार म्हटलेल्या दिवशी तो केलाच पाहिजे. तो चुकला तर न केलेला बरा होता असं रुग्णाला होतं.

तारीख परत आली की

आनंद होईल असं वाटतं, पण पुष्कळांना उलट धसका बसतो: परत रद्द झालं तर? त्यामुळे पाहुण्यांना सांगायची घाई करू नका, घरापुरतं ठेवा. रद्द झालंच तर काय करायचं ते आधीच ठरवा. तयारी मोडायची नाही, वही चालूच ठेवायची.

मध्ये कोविड होऊन गेला असेल तर लपवू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात, संसर्गानंतर सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. ती माहिती लस येण्याआधीची होती. तुमच्या बाबतीत किती थांबायचं ते भूलतज्ज्ञ ठरवतील. यामुळे तारीख पुन्हा सरकली तर कारण रुग्णाला स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

साथीत वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत, म्हणून पिशवी एकट्याने राहण्याच्या हिशेबाने भरा: चार्जर आणि लांब वायर, मोठ्या अक्षरात तीन फोन नंबर, चष्मा, ऐकण्याचं यंत्र, दातांची कवळी, घड्याळ, घरातल्यांचा एक फोटो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वयस्कर रुग्ण कधीकधी भ्रमिष्टासारखं बोलतो. दिवस-रात्र कळत नाही, नळ्या ओढतो, समोर कुणीतरी बसलंय म्हणतो. हा तात्पुरता गोंधळ असतो, बहुतेकांचा निवळतो, पण त्यामागे संसर्ग, लघवी तुंबणं किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. फोनवर बोलताना तसं जाणवलं तर वॉर्डातल्या सिस्टरना लगेच कळवा, चष्मा आणि यंत्र लावलंय का विचारा, आणि दर फोनला आज कुठला वार आहे, आपण कुठे आहोत, आणि उद्या किती वाजता फोन येणार, हे सावकाश सांगा.